कुंडीतली जुनी माती फेकण्याआधी मुळं पाहा

«ताई, गच्चीवरच्या कुंड्यांमध्ये ही माझी तिसरी लागवड. माती तीच, सेंद्रिय: कोकोपीट, गांडूळखत आणि थोडी बागेतली माती. पहिल्या वेळी टोमॅटो इतके आले की वाटून संपेनात. या वेळी रोपं वीतभर वाढून तिथेच थांबलीत, खालची पानं पिवळी पडून गळताहेत. मिरचीच्या पानांच्या कडा करपल्यात. एका कुंडीत बी छान उगवलं, पण आठवड्याच्या आत सगळी रोपं मातीलगत आडवी झाली. मातीवर बारीक काळ्या माश्या भिरभिरतात आणि कुंडीच्या काठाला पांढरा थर बसलाय. निंबोळी पेंड, हाडांचा चुरा, एप्सम सॉल्ट, केळीच्या सालींचं पाणी, सगळं घालून पाहिलं. रासायनिक काही वापरायचं नाही. माती मेली असेल का? सगळी टाकून नवी आणू?»

माती मेलेली नाही. टाकू तर अजिबात नका, निदान तपासल्याशिवाय नाही. तुमच्या पत्रात मी सगळ्यात जास्त वेळ थांबले ते ‘सगळं घालून पाहिलं’ या शब्दांपाशी. पुढचे दोन आठवडे या कुंड्यांमध्ये काहीही घालू नका. पिवळं पान उपाशी रोपाचं असतं, तसंच पाण्यात गुदमरलेल्या रोपाचंही असतं, आणि वरून दोन्ही सारखीच दिसतात. उपाशी रोप खतानं सुधारतं. गुदमरलेल्या रोपाला खत दिलं तर ते आणखी लवकर जातं. हा फरक पानांवरून कळत नसेल तर मुळांवरून कळतो, म्हणून एका रोपाचा बळी द्यावा लागेल.

सगळ्यात वाईट अवस्थेतलं टोमॅटोचं रोप निवडा. कुंडी आडवी करून, कडा थोपटून मातीचा अख्खा गड्डा बाहेर काढा. रोप खेचून उपटू नका. त्यात नाजूक मुळं तुटून मातीतच राहतात आणि नेमकी तीच पाहायची असतात. आधी वास घ्या. चांगल्या मातीला पाऊस पडून गेल्यावरचा ओला, गोडसर वास असतो. आंबूस किंवा सडक्या अंड्यासारखा वास आला तर तळाशी हवा पोहोचतच नाही असं समजा. मग मुळं पाण्यात हलकेच धुऊन घ्या. निरोगी मूळ पांढरं किंवा पिवळसर, टणक असतं आणि त्याला बारीक फाटे असतात. तपकिरी, लिबलिबीत मूळ चिमटीत धरून ओढल्यावर वरची साल निसटून आत नुसता दोऱ्यासारखा धागा उरला, तर ती मूळकूज. मुळांवर मण्यांसारख्या गाठी असतील तर सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे, डोळ्यांना न दिसणारे बारीक कृमी. मुळं कुरतडलेली असतील तर मातीत हुमणीसारखी पांढरी, वाकडी अळी शोधा. आणि मुळं स्वच्छ, पांढरी पण मोजकीच असतील, तर रोग नाही. मग प्रश्न अन्नाचा किंवा क्षारांचा आहे.

गाठींबद्दल एक सांगून ठेवते, कारण इथे बऱ्याच जणांची गफलत होते. घेवडा, चवळी, वाटाणा यांच्या मुळांवरही गाठी असतात आणि त्या हव्याच असतात. हवेतला नत्र (नायट्रोजन) धरून ठेवणारे जिवाणू त्यांत राहतात. ती गाठ मुळाच्या कडेला चिकटलेली असते, नखानं सहज सुटते आणि काम करत असेल तर फोडल्यावर आतून गुलाबी दिसते. सूत्रकृमीची गाठ म्हणजे खुद्द मूळच सुजलेलं असतं, ते सुटं होत नाही. टोमॅटो, वांगी, भेंडी, काकडी यांच्या मुळांवर दिसणाऱ्या गाठी मात्र कधीच चांगल्या नसतात.

तुमच्या वर्णनावरून माझा अंदाज असा आहे की बहुतेक कुंड्यांमध्ये मूळकुजीची सुरुवात दिसेल आणि तिचं कारण माती घट्ट बसणं हे असेल. तीन लागवडींत सेंद्रिय मिश्रणाचं काय होतं ते नीट समजून घ्या, पुढचे सगळे उपाय त्यावरच उभे आहेत. कोकोपीट आणि खत सतत कुजत असतं. त्यातला कार्बन वायू होऊन हवेत जातो, म्हणून तर कुंडीतली माती दर हंगामाला खाली बसते. जे उरतं ते बारीक होत जातं. सुरुवातीला मोठ्या तुकड्यांमध्ये मोकळ्या जागा असतात, पाणी निथळलं की त्यांत हवा शिरते. बारीक झालेल्या मातीत त्या जागा इतक्या लहान होतात की पाणी त्यांतून निथळतच नाही, धरून ठेवलं जातं. कुठल्याही कुंडीच्या तळाशी पाणी निथळून गेल्यावरही पूर्ण भिजलेला एक थर राहतो. माती जितकी बारीक, तितका तो थर जाड. वरून कोरडी दिसणारी माती निम्म्यापासून खाली चिखल असू शकते, आणि आपण वरचं कोरडं पाहून पुन्हा पाणी घालतो.

निचऱ्यासाठी तळाशी खडी किंवा विटांचे तुकडे घालायची सवय असेल तर ती सोडा. पाणी बारीक मातीतून जाड खडीत सहज उतरत नाही. तो भिजलेला थर खडीच्या वर सरकतो आणि मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकावर जाळीचा एक तुकडा पुरे.

तपासणी सोपी आहे. कुंडीत भरपूर पाणी ओता. ते मिनिटभरात मुरलं नाही, वर तळं साचून राहिलं, तर माती घट्ट झाली आहे. उलट ओतल्या ओतल्या खालून धो धो बाहेर आलं तर तेही चांगलं लक्षण नाही. पूर्ण वाळलेलं कोकोपीट पाणी झटकून टाकतं, मग पाणी मातीचा गड्डा आणि कुंडीची कड यांमधल्या फटीतून निघून जातं आणि मधली माती कोरडीच राहते. अशी कुंडी पाण्याच्या टबात अर्धा तास बुडवून ठेवली की पूर्ववत होते.

आता तो पांढरा थर. त्यावर व्हिनेगरचे थेंब टाका. फसफसलं तर तो मुख्यतः चुना आहे, तुमच्या जड पाण्यातून आलेला. फसफसलं नाही तर खतातले क्षार वर येऊन साठलेत. सेंद्रिय खतात क्षार नसतात असा समज फार पसरला आहे आणि त्यामुळे कितीतरी रोपं जातात. गांडूळखत, शेणखत, पेंड या सगळ्यांत क्षार असतात. कुंडीतून पाणी फक्त बाष्प होऊन वर जातं, क्षार मात्र मागेच राहतात. मिरचीच्या करपलेल्या कडा मला याच हिशेबात बसतात. क्षार जास्त झाले की ओल्या मातीतूनही मुळांना पाणी ओढता येत नाही, आणि पाण्याच्या वाटेवर सगळ्यात शेवटी असलेली पानाची कड आधी वाळते.

उपाय म्हणजे माती धुणं. कुंडीच्या आकारमानाच्या दोन ते तीन पट पाणी, थांबत थांबत, हळूहळू सोडायचं आणि खालून आलेलं पाणी ताटलीत साचू न देता फेकायचं. शक्य तर पावसाचं साठवलेलं पाणी वापरा. पण ही धुलाई निचरा नीट असलेल्या कुंडीतच करा. घट्ट मातीत इतकं पाणी घालणं म्हणजे सडत्या मुळांना आणखी बुडवणं. तिथे आधी माती काढून मोकळी करायची आणि मग धुवायची. धुताना नत्रही बरंचसं वाहून जातं, म्हणून नंतर रोपाला थोडं खत लागेल.

कुणाकडे विद्युतवाहकता, म्हणजे पाण्यात क्षार किती ते मोजायचं मीटर असेल तर अंदाजावर राहू नका. एक वाटी माती, दोन वाट्या शुद्ध पाणी, अर्धा तास ठेवून मोजा. वाढत्या भाजीला साधारण ०.७५ ते १.२५ मिलिसिमेन्स प्रति सेंटीमीटर ठीक. १.७५च्या वर गेलं की बहुतेक रोपांना ते जड जातं, आणि नुकत्या उगवलेल्या रोपांना ०.७५च्या खाली असलेलंच बरं.

आता तुम्ही घातलेल्या गोष्टींकडे येते. पानं वाचायची एक युक्ती आहे: आधी खालची जुनी पानं बिघडली की वरची नवी, हे पाहा. नत्र, पालाश (पोटॅशियम) आणि मॅग्नेशियम रोप जुन्या पानांतून काढून नव्यांना देऊ शकतं, म्हणून त्यांची कमतरता खाली दिसते. पूर्ण पान फिकट पिवळं झालं तर नत्र. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा तर मॅग्नेशियम. कडा वाळल्या तर पालाश, पण तसंच चित्र क्षारांचंही असतं. लोह आणि कॅल्शियम हलवता येत नाही, म्हणून ती तक्रार शेंड्याकडे. शेंड्याची पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असतील तर लोह मिळत नाही असं समजा. बहुतेक वेळा मातीत लोह असतं, पण सामू (पीएच, मातीची आम्लता मोजणारा आकडा) ७च्या वर गेल्यामुळे मुळांना ते घेता येत नाही. जड पाणी वर्षानुवर्षं घातलं की सामू असाच चढतो.

एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम आणि गंधक. कमतरता नसताना घातलं तर जादा मॅग्नेशियम कॅल्शियमच्या आणि पालाशच्या आड येतं. हाडांचा चुरा स्फुरदासाठी (फॉस्फरससाठी) असतो, पण ७च्या वरच्या सामूत तो जवळपास विरघळत नाही. शिवाय वारंवार खत घातलेल्या कुंडीत स्फुरद आधीच पुरेसा, कधी कधी जास्तच असतो. जादा स्फुरद लोह आणि जस्त यांना अडवतो. केळीच्या सालींच्या पाण्यात पालाश थोडासा उतरतो, मात्र त्यातली साखर मातीवरच्या माश्यांना बोलावते. निंबोळी पेंड चांगली आहे, पण कुजताना तिच्यातून अमोनिया सुटतो. छोट्या कुंडीत मूठ मूठ घालून लगेच लागवड केली तर कोवळी मुळं भाजतात. पेंड कधीही घाला, बी किंवा रोप दोन-तीन आठवड्यांनी. या चारही गोष्टी आता बंद.

तुमच्या टोमॅटोला खरी कमतरता असलीच तर ती नत्राची असेल. पण इथेही पेच आहे. सेंद्रिय खतातला नत्र मुळांपर्यंत पोहोचायला आधी जिवाणूंनी तो पचवावा लागतो, आणि त्या जिवाणूंना हवा लागते. हवा नसलेल्या चिंब मातीत दुसरेच जिवाणू काम करतात, ते नत्राचा वायू करून उडवून टाकतात. म्हणून घट्ट मातीत कितीही खत घातलं तरी रोप उपाशीच राहतं. दुसरी शक्यता कच्च्या पदार्थांची आहे. मागच्या हंगामानंतर तुम्ही मातीत सुका पाचोळा, लाकडाचा भुसा किंवा अर्धवट कुजलेलं स्वयंपाकघरातलं खत मिसळलं का? तुम्ही ते लिहिलं नाही, पण आठवून पाहा. कार्बनचं प्रमाण नत्राच्या तीसपटीहून जास्त असलेला पदार्थ कुजवताना जिवाणू मातीतलाच नत्र ओढून घेतात आणि कित्येक आठवडे परत देत नाहीत. लाकडाच्या भुशात हे प्रमाण काही शेकड्यांत असतं. पाचोळा वरून आच्छादन म्हणून अंथरा, त्याला हरकत नाही. मातीत मिसळू मात्र नका.

आडवी झालेली रोपं म्हणजे रोपमर. मातीलगतचा देठ सुतासारखा बारीक आणि पाणचट झालेला दिसला असेल. पिथियम, रायझोक्टोनिया या बुरशा ओल्या, जुन्या मातीत असतातच. मोठं रोप त्यांना तोंड देतं, दोन पानांचं देऊ शकत नाही. त्यामुळे वापरलेल्या मातीत बी पेरू नका, एवढा नियम पाळा. बियांसाठी नवं, हलकं, कमी खताचं मिश्रण, धुतलेला ट्रे, भरपूर उजेड, वाहती हवा आणि पाणी खालून. ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी पेरणीआधी मिसळली तर मदत होते. आडवं झालेलं रोप मात्र तिनं उभं राहत नाही.

माश्यांची फार काळजी करू नका. त्यांच्या अळ्या मुख्यतः बुरशी आणि कुजलेलं खातात, संख्या वाढली की कोवळ्या मुळांना त्रास देतात. त्या आहेत म्हणजे वरची माती कधी वाळतच नाही. वरचा दोन-तीन सेंटीमीटरचा थर दर वेळी वाळू द्या, पिवळे चिकट सापळे लावा. पिढी तीन-चार आठवड्यांत पुरी होते, म्हणून महिनाभर सोडू नका.

एक कारण मात्र असं आहे की ते कुणाच्या लक्षात येत नाही. शेणखत किंवा पेंढा ज्या गवतातून आला त्यावर अमिनोपायरॅलिड किंवा क्लोपायरॅलिडसारखं तणनाशक फवारलेलं असेल, तर ते जनावराच्या पोटातून आणि खताच्या ढिगातूनही टिकून येतं. ब्रिटनमध्ये भाजीबागांचं याच कारणानं इतकं नुकसान झालं की २००८ साली अमिनोपायरॅलिडची विक्री काही काळ थांबवावी लागली. टोमॅटो, बटाटा, घेवडा यांची शेंड्याची पानं द्रोणासारखी वळतात, अरुंद होतात, पिळवटतात; मका आणि गवत मात्र त्याच मातीत ठणठणीत राहतं. मोठी पंचाईत म्हणजे खत ‘सेंद्रिय’ म्हणून विकलेलं असलं तरी त्यात हे येऊ शकतं.

याची आणि इतर बऱ्याच गोष्टींची परीक्षा घेवड्याच्या बियांनी होते. पैसे खर्चून नवी माती आणण्याआधी हे जरूर करा. तीन छोट्या कुंड्या घ्या: एकीत जुनी माती जशीच्या तशी, दुसरीत तीच मोकळी करून धुतलेली, तिसरीत नवं मिश्रण. प्रत्येकीत चार बिया, एकाच उजेडात, सारखं पाणी. तीन आठवडे पाहा. पहिल्या दोन्हींत पानं पिळवटली तर तणनाशक. फक्त पहिलीत वाढ खुंटली तर क्षार आणि घट्टपणा. धुतलेलीत रोप सरळ वाढलं पण फिकट राहिलं तर नत्र. बिया उगवण्याआधीच कुजल्या तर बुरशी. आणि तिन्ही सारखीच छान वाढली तर मातीवरचा आळ काढून घ्या आणि पाणी, ऊन, कुंडीचा आकार यांकडे वळा.

रोप दुपारी मान टाकत असेल आणि संध्याकाळी सावरत असेल, किंवा एका दिवसात हिरवंच्या हिरवं वाळलं असेल, तर देठ तिरपा कापून पाहा. आत तपकिरी रेघ म्हणजे मर रोग. तो तुकडा स्वच्छ पाण्याच्या ग्लासात टोक बुडवून धरल्यावर दुधट धागा खाली उतरू लागला तर जिवाणूजन्य मर. या दोन्हींची आणि सूत्रकृमींची माती बाकीच्या मातीत मिसळू नका, आणि ती रोपं घरच्या खतातही टाकू नका. अशी माती उन्हानं तापवता येते. ही पद्धत इस्राएलमध्ये याकोव काटान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली मांडली. माती ओली करून पातळ थरात, पारदर्शक प्लास्टिकखाली, कडा बंद करून, कडक उन्हात चार ते सहा आठवडे ठेवायची. काळं प्लास्टिक नको, ते स्वतः तापतं आणि मातीपर्यंत उष्णता कमी पोहोचवतं. माती ओली हवीच, कारण कोरड्या मातीत उष्णता आत पोहोचत नाही. माती ६० अंश सेल्सियसला अर्धा तास राहिली तर बहुतेक रोगकारक बुरशा आणि सूत्रकृमी मरतात आणि उपयोगी जिवाणूंपैकी बरेच वाचतात. ओव्हनमध्ये ८०च्या वर भाजून काढण्याचा मोह टाळा. सगळंच मेलेल्या मातीत जी बुरशी पहिली पोहोचते ती मोकाट वाढते. मर रोगाची बुरशी मात्र वर्षानुवर्षं टिकते. ती माती तापवल्यावरही मी त्यात टोमॅटो, मिरची, वांगी लावणार नाही, फुलझाडं लावीन. आणि तणनाशक आढळलं तर तापवून काही होत नाही. त्या मातीत मका किंवा गवतवर्गीय काही लावा, आणि पुन्हा घेवड्याची परीक्षा घेतल्याशिवाय भाजी लावू नका.

रोग नसलेल्या कुंड्यांचं काम त्या मानानं सोपं आहे. माती ताडपत्रीवर काढून दोन-तीन दिवस पसरा, ढेकळं फोडा, जाड मुळं वेचा. आकारमानाने निम्मी जुनी माती, पाव भाग पूर्ण कुजलेलं कंपोस्ट आणि पाव भाग काहीतरी जाडंभरडं: परलाइट (पांढरे, हलके, फुगवलेल्या खडकाचे दाणे), भाताचं तूस किंवा नारळाच्या सोडणाचे तुकडे. जाडंभरडं सोडून नुसतं खत वाढवाल तर पुढच्या हंगामाला मला हेच पत्र पुन्हा लिहाल. त्या कंपोस्टमध्येच गांडूळखत धरा आणि ते एकूण मिश्रणाच्या पाचव्या भागापेक्षा जास्त होऊ देऊ नका. ओलसर करून दोन-तीन आठवडे झाकून ठेवा, मग लावा. टोमॅटोच्या कुंडीत या वेळी घेवडा किंवा पालेभाजी लावा. मिरची, वांगी, बटाटा ही टोमॅटोचीच भावंडं, त्यांना दुसऱ्या कुंड्या द्या.

आत्ता उभ्या असलेल्या मिरचीसाठी इतका वेळ थांबता येणार नाही. तिची मुळं पांढरी असतील आणि पाणी मिनिटभरात मुरत असेल, तर परवा सकाळी माती धुऊन घ्या, चार दिवस पाणी देऊ नका, आणि नवी पालवी स्वच्छ आली की पेंडीचं पातळ, गाळलेलं पाणी अर्ध्या ताकदीनं द्या. करपलेल्या कडा परत हिरव्या होणार नाहीत, त्या पानांकडे पाहून निर्णय घेऊ नका. मुळं तपकिरी असतील तर धुवू नका: सडलेली मुळं कापून टाका, वरची एक तृतीयांश पालवी छाटा, आणि झाड नव्या, मोकळ्या मिश्रणात, आधीपेक्षा लहान कुंडीत लावा.